गावच्या घराचा टाइमलॅप्स: कॅमेरा कुठे, कसा लावू?

कातळकर
राजापूरजवळ गावी जुनं मातीचं घर उतरवून तिथेच चिऱ्याचं कौलारू बांधतोय. दिवाळीनंतर जोतं, मेअखेर कौलं चढायला हवीत. मी डोंबिवलीत. आईला आता प्रवास झेपत नाही, पण घर उभं राहताना बघायचंय. म्हणून ठरावीक वेळाने फोटो घेऊन त्यांचा व्हिडिओ करायचाय. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आणि त्याचा कॅमेरा आहे. वीज शेजारच्या काकांकडून मिळेल, नेट नाही. किती वेळाने फोटो घ्यावा? कॅमेरा अंगणातल्या आंब्याला बांधू का?

पुणेरी_भिंग
आंब्याला नको, वाऱ्याने हलेल. फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा.

मेघना_रत्नागिरी
झाड हलतंच, शिवाय सहा-सात महिन्यांत फांदी वाढते, वाकते. जीआय पाइप काँक्रीटमध्ये पुरा, गड्यांची ये-जा नसेल अशा कोपऱ्यात. जमलं तर घराच्या दक्षिणेला, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे. हिवाळाभर सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तो भिंगात येणार नाही आणि भिंतींवर छान उजेड पडेल. आंबा मात्र फोटोच्या चौकटीत कडेला घ्याच. मोहर, कैऱ्या... आईंना त्यावरूनच महिना कळेल.

सकाळी ८ ते संध्याकाळी ६, दर १० मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला ६०. २०० दिवसांचे १२,००० फोटो, सेकंदाला २५ धरले तर ८ मिनिटं. फार लांब होतं, पण घ्या, गाळता नंतर येतं. भिंती चढतानाचे रोज दोन-तीन पुरेत, तेही ठरलेल्या वेळचे, नाहीतर सावल्या सैरावैरा पळतात. वासे आणि कौलं चढतील ते दिवस अख्खे ठेवा. खालपासून आढ्यापर्यंत माणसांची रांग लागते आणि कौलं हातोहात वर जातात. आमच्या व्हिडिओत आजी तेवढंच पुन्हा पुन्हा लावायला सांगते.

कातळकर
मेघनाताई, खूप आभार. वीज सारखी जाते. पाय आपोआप सुरू होईल, पण आणखी काय सांभाळू?

मेघना_रत्नागिरी
घड्याळ! पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. नेट नसेल तर वीज आल्यावर वेळ चुकते, आणि फाइलचं नाव वेळेवरून देत असाल तर जुन्या फोटोवर नवा बसू शकतो. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा, स्वस्तात मिळतं. वायरीचं भोक एम-सीलने बुजवा, मुंग्या कॅमेऱ्याच्या डब्यात घर करतात. काचेवर कोळी जाळं विणतो, आठवड्याला काकांना फडकं मारायला सांगा.

आणि गवंड्यांना पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात काय दिसतं ते दाखवा. आपल्यावर लक्ष ठेवायला लावलाय असं वाटलं तर माणूस अवघडून काम करतो, आणि ते बरं नाही. गावी जाल तेव्हा मिस्त्री ओळंबा धरून कोपरा बघतात त्याचा मोबाइलवर जवळून साधा व्हिडिओ घ्या. लांबच्या कॅमेऱ्यात हात दिसत नाहीत.

कातळकर
पाइप या शनिवारीच पुरतो. मिस्त्रींना फोन करून विचारलं, ते खूश आहेत. त्यांनाही एक प्रत हवीय.