अमूर्त चित्रांची ‘प्रोसेस’ मराठीत कशी आणावी?

तळटीप: अमूर्त चित्रांच्या एका प्रदर्शनासाठी दालनात लावायचा मजकूर मराठीत करते आहे. चित्रकर्ती रंगाचा पातळ थर देते, वाळू देते, खरवडते, पुन्हा देते. एकेक चित्र महिनोन्महिने चालतं. मूळ मजकुरात ‘टाइम’ आणि ‘प्रोसेस’ हे दोन शब्द आहेत. मी लिहिलं, ‘काळ आणि प्रक्रिया यांतून साकारलेली चित्रे’. मोठ्यानं वाचलं तर सांडपाण्यावरची प्रक्रिया आठवली. शिवाय अमूर्त चित्र ‘साकारलं’ कसं म्हणायचं? शब्द सुचवा.

कोरांटी: मला ‘काळ’ही खटकतो. काळ झिजवतो, विटवतो. थर वाळायला लागतो तो वेळ. ती वाट बघत थांबते ना? मग ‘वेळ’च हवा.

जुनीवही: प्रक्रिया सांडपाण्यात का ढकलता? व्याकरणात धातूपासून रूप सिद्ध होईपर्यंतच्या पायऱ्यांना प्रक्रियाच म्हणतात. चित्रासाठी याहून नेमका शब्द नाही. कारखान्यांनी वापरला म्हणून आपण सोडून द्यायचा?

रेघोटी: दालनात येणारा व्याकरण शिकून येत नाही. ‘घडण’ घ्या. आणि आधी ‘अमूर्त’चं बघा. वासुदेव गायतोंडे यांचं २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात प्रदर्शन झालं, त्याच्या नावातच ‘प्रोसेस’ होता. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवणारा, काढणारा हा चित्रकार. पण आपल्या चित्रांना ते ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत.

जुनीवही: ‘अमूर्त’ला हात लावू नका. ‘मूर्त’ आणि ‘मूर्च्छा’ एकाच धातूचे. त्याचा एक अर्थ थिजणं, घट्ट होणं. अमूर्त म्हणजे न थिजलेलं. इतका सुंदर शब्द आहे.

कोरांटी: पण इथे रंग थिजवण्यावरच सगळं काम चाललंय! तुमच्या व्युत्पत्तीनं ही चित्रं मूर्त ठरतात.

हातरंगी: वडील दारं-खिडक्या रंगवायचे. आमच्यात थर म्हणत नाहीत, ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. आधीचा वाळायच्या आत पुढचा मारला की रंगाला सुरकुत्या पडतात. वेळ, कृती आणि माणूस, तिन्ही या एका शब्दात आहेत.

जुनीवही: घरगुती वाटतो. ‘पुट’ घ्या. आयुर्वेदातलं सहस्रपुटी, म्हणजे हजार पुटं दिलेलं, अभ्रकभस्म ऐकलंय ना? वेळ आणि प्रक्रिया दोन्ही आली.

कोरांटी: ते पुट म्हणजे अग्नी देणं. रसात खलतात ती भावना. थराशी त्याचा काय संबंध? आणि बोलताना आपण पुटं म्हणतो ती धुळीची. ती नकळत चढतात, ही बाई जाणून चढवते.

रेघोटी: ‘रंगाची पुटं’ मी लहानपणापासून ऐकत आलेय. कोश काहीही म्हणोत.

तळटीप: ‘हात’ मनात बसलाय. पण ‘अनेक हातांनी घडलेलं चित्र’ लिहिलं तर चित्रकार पाच-सहा जण होते असं वाटेल.

हातरंगी: ‘हातावर हात चढवत’ लिहा. आणि हो, पहिल्या हाताआधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासतात, ती हातांत मोजत नाहीत. या ‘लांबी’चा लांब-रुंदशी काही संबंध आहे का?