डोळ्याच्या पडद्याचा फोटो निघाला ना, मग ड्रॉप टाकून पुन्हा तपासणी कशाला?

मृणाल_मनीषनगर

नमस्कार मंडळी. प्रश्न सासऱ्यांचा आहे. बाबा सदुसष्ट वर्षांचे, साखर पंधराएक वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मधुमेहींसाठी डोळ्यांचं शिबिर झालं. हातात धरायचा छोटा कॅमेरा, ड्रॉप-बिप काही नाही. हनुवटी सरळ ठेवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, झालं. थोड्या वेळात कागद हातात. उजव्या डोळ्यापुढे लिहिलंय, "रेटिनोपॅथीची (साखरेने पडद्याला होणाऱ्या इजेची) लक्षणे आढळली नाहीत." डाव्यापुढे, "प्रतिमा अपुरी, मूल्यमापन शक्य नाही."

बाबांनी याचा अर्थ असा लावला की एका डोळ्यात काही नाही आणि दुसऱ्यात काही सापडलं नाही. कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलाय, येईल त्याला दाखवून राहिले.

परवा चष्म्याच्या नंबरसाठी धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकून पडदा बघू आणि डाव्या डोळ्याचं ओसीटी (पडद्याचा एक स्कॅन) करून घेऊ. बाबा खुर्चीतून उठलेच. "आत्ताच फोटो निघाला ना, मग पुन्हा काऊन? मशीनचे हप्ते फेडून राहिले हे माझ्या डोळ्यांवर!" शिवाय ड्रॉप टाकले की स्कूटर चालवता येत नाही, हे खरं दुखणं. रोज सकाळी प्रतापनगरला मित्रांसोबत तर्री-पोहे असतात, त्यात खाडा नको.

फोटो निघाल्यावर ही तपासणी खरंच लागते का? ओसीटीत वेगळं काय दिसतं? अहोंचं म्हणणं, सहा महिने थांबू. मला ते पटत नाही, पण बाबांना सांगायला माझ्याकडे नीट उत्तरही नाही.

तर्रीबाज

काकांशी शंभर टक्के सहमत. दवाखान्यात पाय ठेवला की आधी मशीन, मग माणूस. एवढे दिवस दिसून राहिलं ना त्यांना? मग झालं. (पोहे प्रतापनगरला कुठे खातात तेवढं मात्र विचारून सांगा.)

उमरेडकर

मृणालताई, मी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण नोकरीची शेवटची वर्षं पडद्याचे फोटो काढण्यातच गेली, म्हणून लिहितो.

डाव्या डोळ्यापासून सुरू करू. "मूल्यमापन शक्य नाही" म्हणजे तो डोळा तपासलाच गेला नाही. अशा तपासणीचा साधा नियम असतो. फोटोत दोष दिसला तो माणूस डॉक्टरकडे पाठवायचा, आणि ज्याचा फोटो वाचता आला नाही तोही पाठवायचा. फोटो खराब येतो त्यामागे पुष्कळदा डोळ्यातलंच काही कारण असतं, म्हणून.

आता तो खराब का आला असेल, याचा मी अंदाज करू शकतो. शिबिरात उजवा डोळा आधी घेतात. ड्रॉप न टाकता चालणारा कॅमेरा नेम धरताना इन्फ्रारेड प्रकाश वापरतो, तो आपल्याला टोचत नाही, त्यामुळे बाहुली मोठी राहते. मग पांढरा फ्लॅश पडतो. फ्लॅश पडला एका डोळ्यावर तरी बाहुल्या दोन्ही आकसतात. त्या पुन्हा मोठ्या व्हायला माणसाला काही मिनिटं अंधारात बसवावं लागतं. सोसायटीच्या हॉलमध्ये खिडक्या सताड उघड्या, बाहेर लाइन लागलेली, पोरगा लगेच "काका, आता डावा" म्हणत असणार. त्यातून जुन्या साखरेत बाहुली मुळातच लहान राहते. फोटोची एक कड काळी आली असेल तर कारण हेच. पण सगळा फोटो धुरकट असेल तर मोतीबिंदू धरायला लागला असू शकतो, किंवा पडद्यासमोर रक्त उतरलं असू शकतं. घरात बसून यातलं कुठलं ते ठरवता येत नाही.

उजव्याचं चांगलं आहे, आनंद आहे. पण त्या ओळीत लिहिलंय तेवढंच वाचा. असा कागद इतक्या लवकर हातात येतो तेव्हा तो बहुतेक कॉम्प्युटरने दिलेला असतो. 2016 मध्ये गुगलच्या लोकांनी सव्वा लाखाहून जास्त फोटो दाखवून यंत्राला हे शिकवल्याचं प्रसिद्ध केलं, त्यात आपल्या देशातल्या नेत्ररुग्णालयांचे फोटोही होते. 2018 मध्ये अमेरिकेत असं एक यंत्र डॉक्टरशिवाय निकाल द्यायला मंजूर झालं. काम चांगलं करतात, मी त्यांच्या विरोधात नाही. आपल्याकडे दहा कोटींच्या घरात मधुमेही, त्यांच्यातल्या प्रत्येकाचा पडदा दरवर्षी बघायला डॉक्टर पुरणार कुठून? पण यंत्राला जे शोधायला शिकवलं तेच ते शोधतं. "रेटिनोपॅथी नाही" याचा अर्थ काचबिंदू नाही, असा होत नाही. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या मुळाचा खळगा आणि लागलं तर फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते), सगळं मिळून बघावं लागतं.

दुसरं, साधा कॅमेरा साधारण 45 अंशांचा भाग टिपतो. नसेचं मूळ, मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग) आणि मुख्य रक्तवाहिन्या त्यात येतात. साखरेचे पहिले लाल ठिपके बहुधा इथेच दिसतात, म्हणून गाळणीचं काम त्याने होतं. कडेचा पडदा मात्र बाहेर राहतो. ड्रॉप टाकल्यावर डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून "वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा" करतात ना, ते त्या कडा बघण्यासाठी.

आणि तर्रीबाज भाऊ, "दिसून राहिलं ना" या वाक्याने मी भले भले लोक आंधळे होताना पाहिलेत. पडदा दुखत नाही. अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्याच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके असतात. तक्रार घेऊन येतो तेव्हा बहुतेक वेळा सूज मधोमध पोचलेली असते, नाहीतर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. मग लेझर, इंजेक्शनं, कधी ऑपरेशन. टाइप 2 साखर ज्या दिवशी सापडते त्या दिवशीच पडदा बघायचा आणि मग दरवर्षी, असं सांगतात ते म्हणून. साखर सापडण्याच्या आधी किती वर्षं रक्तात असते कोणाला माहीत?

ओसीटी. 1991 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा छापून आली. त्यात डोळ्यात इन्फ्रारेड प्रकाश सोडून पडद्याचा उभा छेद काढतात, सुई नाही, एक्स-रे नाही. पुडाची वडी वरून बघितली तर नुसती पारी दिसते, आत सांबार (कोथिंबीर) किती ते कापल्यावर कळतं. तसा फोटोत पडदा वरून दिसतो आणि ओसीटीत आतले थर. पडदा मधोमध जेमतेम पाव मिलिमीटर जाड, तेवढ्यात पाणी साचलं तर सपाट फोटोत ते हुकू शकतं. पण ओसीटी सगळ्यांना लागत नाही हेही खरं. आधी ड्रॉप टाकून बघू द्या, आणि मग डॉक्टरांनाच विचारा, "ओसीटीत नेमकं काय शोधायचं आहे?" सरळ उत्तर मिळालं तर करा. खर्चाचा प्रश्न असेल तर नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत नेत्र विभाग आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर जावं लागतं.

साधना_सक्करदरा

आमच्या आईचं सांगते. तिची तक्रार एकच, पेपरातल्या ओळी मधेच वाकड्या दिसतात. आम्हाला वाटलं चष्मा बदलावा लागेल. फोटोत थोडे पिवळे डाग होते, ओसीटीत मात्र पडद्याच्या मधोमध काळ्या पोकळ्या. डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, हे सगळं पाणी. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. आई म्हणाली, सुईपेक्षा तुमच्या चेहऱ्यांचीच भीती वाटली. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच मशीनवर जाडी मोजायचे, आकडा उतरला की समजायचं औषध लागू पडतंय. तेव्हा ओसीटीचे पैसे वाया गेले असं आम्हाला तरी वाटलं नाही.

अभि_वाडी

मधे घुसतोय, सॉरी. माझं वय 28, साखर नाही, चष्मा मायनस साडेसात. कालपासून उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होऊन राहिलं आणि काळे ठिपके तरंगतात. रविवारी आमच्याकडेही असंच फोटोचं शिबिर आहे. तिथे दाखवू का?

उमरेडकर

अभि, रविवारची वाट बघू नको बाबा. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि "मोठा मायनस नंबर आहे, वीज चमकते, ठिपके नवीन आहेत" हे खिडकीवरच सांग म्हणजे रांगेत बसवून ठेवणार नाहीत. मोठ्या मायनस नंबरात पडदा कडेला पातळ असतो आणि चीर तिथेच पडते, शिबिरातला कॅमेरा तिथपर्यंत पोचत नाही. नुसती चीर असेल तर लेझरने भोवती बंदोबस्त होतो. पडदा सुटला तर ऑपरेशन. ठिपके साधेही निघू शकतात, पण ते ड्रॉप टाकून बघितल्यावरच म्हणता येईल. बाजूने सावली आल्यासारखं किंवा खिडकीचा पडदा ओढल्यासारखं वाटलं तर रात्रीसुद्धा मेडिकलच्या कॅज्युअल्टीत जा. गाडी स्वतः चालवू नको, कोणाला तरी सोबत घे.

मृणाल_मनीषनगर

उमरेडकरकाका, खूप आभार. उघड्या खिडक्यांचं अगदी तसंच होतं, डावा फोटो लगेच काढला. बाबांना तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. "हा माणूस सरकारी आहे, म्हणजे कमिशनवाला नाही" एवढी दाद मिळाली. आता एकच अडलंय. बीपी असताना ते ड्रॉप चालतात का? शेजारच्या काकूंनी घाबरवून ठेवलंय.

उमरेडकर

काकूंचं अगदीच खोटं नाही. आपल्याकडे बहुधा ट्रॉपिकामाइड आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले थेंब वापरतात. त्यातल्या फेनिलेफ्रिनने काहींचं बीपी वाढू शकतं. म्हणून टाकायच्या आधीच बीपी आणि हृदयाचं काही असेल तर सांगायचं, मग नुसतं ट्रॉपिकामाइड टाकतात. त्या दिवशीची बीपीची गोळी चुकवू नका. उपाशीही नेऊ नका, ही रक्ताची तपासणी नाही. साखरेचे लोक उगाच उपाशी येतात आणि बाकावर घामाघूम होतात.

बाहुली पसरायला अर्धा तास धरा, जुन्या साखरेत जास्तच, कधी थेंब पुन्हा टाकावे लागतात. नंतर चारसहा तास जवळचं अंधुक आणि ऊन असह्य. तेव्हा दुपारी चारनंतरची वेळ घ्या, म्हणजे बाहेर पडेपर्यंत ऊन उतरलेलं असेल आणि सकाळचे पोहेही बुडणार नाहीत. गॉगल आणि टोपी न्या, स्कूटरची किल्ली घरी ठेवा. घरी आल्यावर डोळा लाल होऊन जोरात दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली किंवा उलटी झाली तर लगेच परत जायचं. काही जणांच्या डोळ्यात आतलं पाणी वाहून जायची जागा अरुंद असते, त्यांचा दाब थेंबांनी चढू शकतो. डॉक्टर आधी ते तपासतात, तरी माहीत असावं.

आणि शिबिरवाल्यांचा नंबर त्या कागदावर असेलच. त्यांच्याकडून उजव्या डोळ्याचा मूळ फोटो मागून घ्या, नुसता निकाल नको. पुढच्या वर्षी नवा फोटो आला की दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांना कळतं की ठिपका नवीन की जुना, नसेचा खळगा वाढला की तेवढाच. एकट्या फोटोपेक्षा अशी जोडी जास्त सांगते. व्हॉट्सॲपवर पाठवणार असतील तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणावं. नाहीतर फाइल दाबली जाते आणि सर्वांत बारीक ठिपके, जे बघायचे तेच, पुसट होतात.

मृणाल_मनीषनगर

गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली. मी नेणार आहे, मेट्रोने. बाबांची अट आहे की परतताना सीताबर्डीवर उतरून कुल्फी. साखरेचं काय करायचं ते तिथे भांडून ठरवू. फोटोसाठी शिबिरवाल्यांना फोन केलाय, उद्या डॉक्युमेंट म्हणून पाठवतो म्हणाले.

अभि_वाडी

दाखवून आलो. बारीक चीर निघाली, लेझर झालं. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय, तोवर जिम बंद. काका, धन्यवाद.