भूतानला २,१५० कोटी कशाला? जाणकारांनी सांगा

सातारी_तर्री:
२०२५-२६ च्या बजेटमध्ये परराष्ट्र खात्याचे आकडे बघत होतो, भूतानला २,१५० कोटी, नेपाळला ७००, मालदीवला ६००. इकडे गावातल्या रस्त्याचं बिल निघालं नाही म्हणून ठेकेदार नुसती खडी टाकून गेलाय आणि आपण शेजाऱ्यांना वाटत सुटलोय? मालदीवमध्ये तर 'इंडिया आउट' म्हणजे भारताला हटवा अशी मोहीम चालू होती ना? पैसे नक्की जातात कुठे ते सांगा, पक्षांची भांडणं नकोत.

बोरीबंदर_फास्ट:
अहो आधी प्रमाण बघा. बाहेरच्या देशांना मदत धरली साधारण साडेपाच हजार कोटी, अख्खं बजेट ५० लाख कोटींच्या वर, म्हणजे शंभर रुपयांतले अकरा पैसे. शिवाय हे मुख्यतः अनुदान झालं (भूतानला दिलेलं सरकारी कर्जही यातच धरतात), इतर देशांना मोठी रक्कम कर्जातून जाते आणि ती यात दिसतच नाही. आपल्या मुंबईतली एक्झिम बँक बाजारातून पैसा उभा करून कर्ज देते, केंद्र हमी घेतं आणि व्याजातला फरक भरतं, अट अशी की साधारण ७५% माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. मालदीवचंच घ्या, राजधानी मालेच्या मोठ्या पुलाला ४० कोटी डॉलर कर्ज आणि १० कोटी अनुदान, काम ॲफकॉन्स कंपनीकडे, ती पण मुंबईचीच. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइज्जू 'इंडिया आउट' करून निवडून आले तरी पुलाचं काम काही थांबलं नाही 😄

डोंगरवाट:
भूतानचं गणित वेगळंय. तिथले ताला (१,०२० मेगावॅट), मांगदेछू (७२०) हे जलविद्युत प्रकल्प आपल्याच पैशातून झाले, पावसाळ्यात जादा वीज आपण विकत घेतो आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की तेच आपल्याकडून घेतात. पण तालाला ६०% अनुदान होतं, मांगदेछूला ३०च, बाकी कर्ज. तेव्हा 'फुकट वाटतोय' म्हणणं बरोबर नाही.

सातारी_तर्री:
बरं, फुकट नाही हे पटलं. मग सगळं झकास चाललंय असं म्हणायचं का?

डोंगरवाट:
छे! पुनात्सांगछू-१ बघा, तोही भूतानमधलाच जलविद्युत प्रकल्प. १,२०० मेगावॅट, २००८ ला काम काढलं, २०१३ ला धरणाच्या जागीच उजवीकडचा डोंगर घसरला आणि तिथून जे रखडलं ते रखडलंच, खर्च अडीच पटीच्या वर गेला. माझं म्हणणं एवढंच, किती दिले यावर आपण तावातावाने भांडतो, दिलेलं वेळेत उभं राहिलं का हे कोणी विचारत नाही.

कट्टा_पुणे:
आयटेक ही सरकारची ट्रेनिंगची योजना पण धरा की यात. १९६४ पासून परदेशी अधिकारी, इंजिनियर लोकांना इकडे बोलावून ट्रेनिंग देतात, राहणं खाणं विमान सगळं आपल्या खर्चाने, पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक संस्थेतही कोर्स होतात. धरणापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि तो माणूस पुढे त्याच्या खात्यात वर गेला की भारताची ओळख आयती असते. यावर अजून खर्च करायला हवा असं माझं मत.

सातारी_तर्री:
ते ठीक, पण पुनात्सांगछूचा वाढीव खर्च कोणाच्या डोक्यावर?

डोंगरवाट:
दोघांच्या. तिथे ४०% अनुदान, ६०% कर्ज आहे, म्हणजे खर्च फुगला की आपलं अनुदानही फुगतं आणि त्यांचं कर्जही. मग ते कर्ज फेडायला भूतान विजेचा दर वाढवून मागणार, आणि गिऱ्हाईक कोण? आपणच.