नेपाळमधली कौशल्य प्रशिक्षणे: काम लागल्यावरच पैसे, हे बरोबर का?

ओळंबा:
माओवाद्यांशी चाललेले युद्ध संपवणाऱ्या नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारानंतर नेपाळमध्ये परदेशी मदतीतून बरीच प्रशिक्षणे झाली. त्यांत २००८ चा 'एम्प्लॉयमेंट फंड' मला सरस वाटतो. पैसा स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि जागतिक बँकेचा, कारभार हेल्वेटास या संस्थेकडे. वर्ग भरवला म्हणून प्रशिक्षण संस्थेला पूर्ण बिल मिळत नसे. एक हप्ता कौशल्य चाचणीनंतर, बाकीचे तीन आणि सहा महिन्यांनी, शिकलेला माणूस खरोखर कमावतोय हे तपासून. त्यामुळे गवंडी कुठे लागतात, वायरमन कुठे, हे संस्थेला आधीच शोधावे लागे.

रंधा:
सहमत नाही. अशाने संस्था प्रवेश देतानाच ज्याचा मामा ठेकेदार आहे तो पोरगा उचलते. युद्धात नवरा गेलेली बाई मागे राहते. आणि ३९० तासांच्या वर्गात गवंडी होतो का? खर्च वाचवायला भिंत मातीच्या गाऱ्यात बांधतात, पाडतात, विटा पुन्हा वापरतात. पहिले काही दिवस ठीक. पण सिमेंटचा माल तासाभरात घट्ट व्हायला लागतो, कोरडी वीट त्यातले पाणी शोषते. त्याची सवय गाऱ्यात होत नाही. कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगांच्या टोकांचे हूक १३५ अंशांत वळवायचे असतात. ९० वर सोडले तर भूकंपात रिंग उघडते. नेपाळमध्ये ही चूक जिवावर बेतते.

हिशेबनीस:
निवडीवर फंडाने तोड काढली होती: वंचित गटातल्या उमेदवारामागे, विशेषतः स्त्रियांमागे, संस्थेला जास्त रक्कम. माझ्या मते खरी ओढाताण रोख पैशाची. प्रशिक्षकाचा पगार, वेल्डिंग रॉड आज लागतात, शेवटचा हप्ता सहा महिन्यांनी येतो. २००८-०९ च्या हिवाळ्यात तिथे दिवसाला १६ तासांपर्यंत वीज नसायची. अंदाजपत्रकात डिझेल नसेल तर जनरेटर बंद, आणि मग कात्री लागते ती सरावालाच. तपासणीही फोनवर नको, दुकानमालकाला पढवून ठेवता येते. न कळवता कामावर जाऊन पाहा.

ओळंबा:
रंधा, हुकाचा मुद्दा मान्य. पण तो दोष तासांचा, पैसे देण्याच्या पद्धतीचा नाही. ३९० तासांनंतर दोन महिने मिस्त्रीच्या हाताखाली ठेवा, मजुरीचा काही भाग मदतीतून द्या आणि चाचणी त्यानंतर घ्या.

रंधा:
मिस्त्रीच ९० चा हूक वळवत असेल तर? २०१५ च्या भूकंपानंतर तिथे जुन्या मिस्त्र्यांसाठी ७ दिवसांचे वर्ग झाले आणि नवख्यांसाठी ५० दिवसांचे, प्रत्यक्ष घर बांधत शिकण्याचे. तुमचे दोन महिने मला चालतील, पण आधी मिस्त्रीचे ते ७ दिवस होऊ द्या.