छोट्या नॅसमधल्या (घरच्या नेटवर्कवर फाइल साठवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या) डिस्क तापतायत, प्रोसेसरचा मोठा कूलर घेऊ का?

प्रश्न: पुण्यात लाकडी कपाटात मिनी-आयटीएक्स (छोट्या मदरबोर्डची) केस ठेवलीय. इंटेल एन१०० प्रोसेसरचा बोर्ड, ३.५ इंची ४ डिस्क. मे महिन्यात डिस्क ५४ अंशांवर, प्रोसेसर मात्र गार.

उत्तर १: कूलरवर पैसे घालवू नका राव. एन१००चा टीडीपीच (प्रोसेसर किती उष्णता टाकतो त्याचा ठरलेला आकडा) ६ वॅट, फिरणारी एकेक डिस्क जवळपास तेवढंच खाते. डिस्कसमोर १२० मिमीचा पंखा लावा आणि बाजूच्या मोकळ्या जागा फोमने बुजवा, म्हणजे हवा डिस्कमधल्या फटींतूनच जाईल. पंख्याचा वेग डिस्कच्या तापमानाला जोडा. बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) बहुतेक वेळा प्रोसेसरकडेच बघतं.

उत्तर २: कपाट बंद असेल तर पंखा तीच गरम हवा घुसळणार. आम्ही मागचा प्लाय कापला. पुढच्या वेळी डिस्क घ्याल ती सीएमआरच (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) घ्या, झेडएफएस या फाइल सिस्टिमवर रिसिल्व्हर करताना (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना) एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवणारी) रडवते.

प्रश्नकर्ता: दार उघडं ठेवलं, ४७ वर आलं! आई म्हणते झुरळं शिरतील. जाळी ठोकतो.