१३२.६ की १४०? महागाईचा आकडा काढताना गोंधळ

निपाणीकर:
कॉलेजच्या प्रकल्पासाठी घरखर्चाचा निर्देशांक काढायचाय, म्हणजे जुना खर्च १०० धरला तर आजचा किती. महिन्याचा माल, जुना दर आणि आजचा दर (आकडे हिशेबापुरते): जोंधळा २० किलो, ३० चा ४५, तूरडाळ ४ किलो, ११० ची १६०, गोडेतेल ३ किलो, १२० चं १५०, गूळ २ किलो, ५० चा ५५. चारींच्या वाढीची सरासरी ३२.६ टक्के येते. मित्र म्हणतो ४०. कुणाचं बरोबर ओ?

चिकोडी_२:
मित्राचं. तुम्ही केलीय ती इटलीचा अर्थतज्ज्ञ कार्ली याची रीत, १७६४ ची. तिच्यात दोन किलो गुळाला आणि वीस किलो जोंधळ्याला एकच मान. हॅम्बुर्गच्या बाजारातले दर चाळलेल्या जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेरेसनं १८७१ मध्ये मालाचं प्रमाणच गोठवलं: तेव्हा जेवढा माल घेतला तेवढाच आज घ्यायला किती पैसे? तेव्हा १५००, आज २१००. भागा, शंभरनं गुणा, १४०. पंधराशेतले सहाशे एकट्या जोंधळ्याचे, तोच आकडा वर ओढतो.

रेशनचा फुकट तांदूळ यादीत असला तर टक्केवारीच्या वाटेला जाऊ नका. जुना दर शून्य, भागणार कशानं? एकूण रकमा मांडल्या की अडत नाही.

खानापूर_रोड:
१४० पण डोळे झाकून धरू नका. भाकरी महागली की ताटात भात वाढतो. समजा आज जोंधळा १४ आणि डाळ २ किलोच येते, तेल-गूळ तेवढंच. दुसरा जर्मन अर्थतज्ज्ञ पाशे, त्याच्या १८७४ च्या सूत्रात आजचं प्रमाण धरतात: १५१० भागिले ११००, म्हणजे १३७.३. लास्पेरेस बहुधा वाढ फुगवून दाखवतो, पाशे दाबून. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ हा अमेरिकन अर्थतज्ज्ञ फिशरचा आकडा, १३८.६.

तरी सरकारी निर्देशांक लास्पेरेसच्याच वळणाचे. कुटुंबांचं सर्वेक्षण एकदा केलं की पुढं दरमहा नुसते दर आणायचे. पाशेसाठी दरमहा घरोघरची वही धुंडाळावी लागेल, कोण करणार?

निपाणीकर:
जुने दर निपाणीचे आहेत. आजचे कागलचे चालतील?

चिकोडी_२:
नाही चालणार. त्यात भाववाढ किती आणि दोन बाजारांतला फरक किती, हे वेगळं काढता येत नाही. दुकान तेच, वाणही तेच. तेव्हा मालदांडी जोंधळा तर आजही मालदांडीच. आणि जुनी नोंद पायलीत असेल तर आधी त्याच धान्याची एक पायली भरून काट्यावर ठेवा. पायली हे माप आहे, वजन नव्हे. जोंधळ्याची आणि तांदळाची सारखी भरत नाही.