बीपीच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडतं का? बाबांनी गोळ्याच बंद केल्यात

मधलीलेक: बाबा ६८ वर्षांचे. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ कित्येक वर्षांपासून चालू आहे. परवा रक्तात एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की वाढणारं एन्झाइम) ९२ आलं, रिपोर्टवर वरची मर्यादा ४० दिलीय. बिलिरुबिन नॉर्मल, भूक चांगली. पण बाबांनी गोळ्यांसोबतचा कागद भिंग लावून वाचला. त्यात 'यकृताचा विकार असल्यास जपून' असं दिसलं आणि गोळ्या थेट कपाटात गेल्या. वर म्हणतात, 'दोन दिवस घेतली नाही, तरी बीपी ठीकच आहे की!' डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर काय करू?

उडतीखबर: सगळ्याच गोळ्या लिव्हर खातात. बंद केल्या ते बरंच झालं.

काउंटरपलीकडून: उडतीखबर, असे सल्ले देऊ नका हो. औषधाच्या दुकानात उभं राहून केस पिकले माझे, बीपीची गोळी परस्पर बंद करून आजारी पडलेले खूप पाहिलेत.

ताई, त्या ओळीचा अर्थ बाबांनी उलटा लावलाय. टेल्मिसार्टन मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतं. लिव्हर आधीच कमजोर असेल तर ते अंगात साठतं, म्हणून डोस कमी ठेवायचा, एवढंच. गोळी लिव्हर बिघडवते असं ती ओळ म्हणत नाही. या दोन्ही गोळ्यांनी लिव्हरला इजा होणं फार दुर्मीळ, आणि औषधाचा असा त्रास बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांतच दिसतो.

बीपीच्या औषधांत लिव्हरसाठी खरी नजर ठेवावी लागते ती मिथाइलडोपा, लॅबेटालॉल आणि हायड्रॅलाझिनवर. पहिली दोन गरोदरपणात बरीच दिली जातात. तिथे बीपी आणि एसजीपीटी दोन्ही वाढले तर दोष गोळीचाच असेल असं नाही, प्रीएक्लॅम्प्सियाही (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा गंभीर आजार) असू शकतो. अशा वेळी लगेच डॉक्टर गाठायचे.

आणि ते 'बीपी ठीकच आहे'? अ‍ॅम्लोडिपिनचा निम्मा अंश रक्तातून जायलाच ३० ते ५० तास लागतात. बाबा अजून जुन्या गोळीच्या जिवावर आहेत. आजच डॉक्टरांना फोन करून गोळ्या बंद असल्याचं सांगा, सोमवारपर्यंत थांबू नका. अलीकडे नवीन काय सुरू झालंय? कोलेस्टेरॉलची गोळी, अँटिबायोटिक, काही हर्बल? फॅटी लिव्हर तर बीपीवाल्यांत सर्रास असतं, सोनोग्राफीचंही विचारा.

मधलीलेक: फोन केला, दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या. आणि हो, गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेल्या कॅप्सूल निघाल्या! डबीवर घटकांची नावंच नाहीत.

काउंटरपलीकडून: बंद करायच्या तर त्या करा. डबी फेकू नका, सोमवारी सोबत न्या. एसजीपीटी पुन्हा कधी तपासायचं तेही विचारून घ्या. मध्येच लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दाखवा.